आखूड पायांचा शूर सोबती

मनुष्याने जे प्राणी माणसाळविले, त्यांत कुत्र्याचा मान पहिला होय. गाय, मेंढी अथवा घोडा मनुष्याच्या दावणीला येण्यापूर्वी हजारो वर्षे कुत्रा त्याच्या शेकोटीपाशी येऊन बसला होता. या दीर्घ सहवासात मनुष्याने त्याच्याकडून नाना प्रकारची कामे करून घेतली; आणि ज्या कामास जसे शरीर हवे, तसे ते पिढ्यान्‌पिढ्या निवड करीत घडवूनही घेतले. मोकळ्या माळरानावर सशामागे धावावयाचे, म्हणून मुधोळकडील शिकारी कुत्र्यास लांब पाय आणि सडपातळ अंग लाभले. बर्फावरून गाडी ओढावयाची, म्हणून उत्तरेकडील थंड मुलुखातील कुत्र्यास दाट केस आणि बळकट खांदे मिळाले. परंतु जमिनीखालच्या अंधाऱ्या बिळात एकट्याने शिरावयाचे आणि आपल्याइतक्याच बलाढ्य शत्रूस तेथे तोंड द्यावयाचे, हे काम ज्याच्या वाट्याला आले, त्या कुत्र्याची ठेवण या सर्वांहून निराळी झाली. हा कुत्रा म्हणजे जर्मनीतील डॅशहुंड.

डॅशहुंडास प्रथम पाहणाऱ्याच्या ओठांवर हसू उमटल्यावाचून राहत नाही. लांबट धड, त्याखाली जेमतेम वितीएवढे पाय, जमिनीपासून चार-सहा बोटांवर झुलणारे पोट, दोन्ही बाजूंस लोंबणारे मोठे कान आणि या सर्व थाटात मान ताठ ठेवून चाललेली त्याची ऐटदार चाल! इंग्रज लोक तर त्याला थट्टेने ‘सॉसेज डॉग’ म्हणतात. सॉसेज म्हणजे खिमा भरलेली मांसाची लांबट नळकांडी. परंतु त्याच्या या चमत्कारिक रूपामागील कारण एकदा ध्यानात आले की, थट्टेची जागा कौतुक घेते.

ते कारण त्याच्या नावातच सांगितलेले आहे. जर्मन भाषेत ‘डाख्स’ म्हणजे बॅजर नावाचा प्राणी आणि ‘हुंड’ म्हणजे कुत्रा. बॅजरच्या शिकारीचा कुत्रा तो डॅशहुंड. इंग्रजीत ‘हाउंड’ नावाचा शिकारी कुत्र्यांचा एक वर्ग आहे. त्या शब्दाशी असलेल्या साम्यामुळे पुष्कळ लोक या कुत्र्यास ‘डॅशहाउंड’ म्हणतात. परंतु जर्मन शब्दाचा अर्थ केवळ ‘कुत्रा’ एवढाच आहे. स्वतः जर्मन लोक त्याला लाडाने ‘डाकेल’ म्हणतात, तर शिकारी मंडळी ‘टेकेल’ म्हणतात.

आता हा बॅजर कोण, ते पाहू. युरोपातील बॅजर हा आपल्याकडील पाणमांजराच्या कुळातील निशाचर प्राणी आहे. त्याच्या पांढऱ्या तोंडावर दोन काळे पट्टे असतात. वजन सामान्यतः दहा-बारा किलो भरते. जबडा आणि पुढील पायांची नखे विलक्षण बळकट असतात. तो जमिनीखाली लांबच लांब बोगदे खणतो. त्या बोगद्यांना अनेक तोंडे असतात आणि आत ठिकठिकाणी कोनाडे असतात. अशा किल्ल्यात तो दिवसभर निर्धास्त झोपतो. मोठा कुत्रा त्या बोगद्यात शिरू शकत नाही आणि लहानसा भित्रा कुत्रा शिरण्यास धजत नाही. म्हणून जर्मनीतील वनरक्षकांनी व शिकाऱ्यांनी ठेंगणा, परंतु छातीचा निधडा असा कुत्रा निवडनिवडून तयार केला. १८ व्या शतकाच्या आरंभीच्या जर्मन शिकारग्रंथांत या कामासाठी वापरल्या जाणाऱ्या ठेंगण्या कुत्र्यांचे उल्लेख सापडतात.

शिकारीची रीत अशी असे. कुत्रा वासाच्या मागाने बिळात शिरे, बॅजरला एखाद्या कोनाड्यात कोंडून धरी आणि तेथे उभा राहून सारखा भुंके. वर उभ्या असलेल्या शिकाऱ्यास त्या आवाजावरून जागेचा अदमास येई. मग तो वरून जमीन खणून बॅजरला गाठी. या सर्व वेळात धनी वर आणि कुत्रा खाली. बिळात हुकूम देणारे कोणी नाही, मदतीस येणारे कोणी नाही. पुढे सरकावे की थोडे मागे यावे, शत्रूला किती चिडवावे आणि त्याची नखे कशी चुकवावीत, याचा निर्णय त्याचा त्यालाच घ्यावा लागे. डॅशहुंडाच्या स्वभावातील स्वतंत्र बाणा आणि हट्ट यांचे मूळ या अंधाऱ्या बोगद्यात आहे.

या कामाच्या दृष्टीने त्याचे शरीर न्याहाळले, तर त्याचा प्रत्येक अवयव सार्थ वाटू लागतो. पाय आखूड, म्हणून अरुंद बोगद्यात शिरता येते. पुढील पंजे रुंद आणि बळकट, म्हणून आड आलेली माती भराभर मागे लोटता येते. छाती खोल आणि ऐसपैस, म्हणून कोंदट जागीही दम टिकतो. कातडी सैल, म्हणून ती मुळांत वा दगडांत अडकून सहसा फाटत नाही. नाक लांब आणि तीक्ष्ण, म्हणून डोळ्यांचा उपयोग नसला तरी वाट सापडते. आणि आवाज? एवढ्याशा देहातून असा भरदार आवाज निघतो की, दाराबाहेरच्या माणसास आत कोणी दांडगा कुत्रा असावा असे वाटते. जमिनीखालून वर ऐकू जाणारा आवाज लहान असून कसा चालेल?

येथे एक गोष्ट विशेष ध्यानात घेण्यासारखी आहे. डॅशहुंडाची पाठ लांब दिसते, म्हणून त्याला अधिक मणके असावेत असा कित्येकांचा समज होतो. परंतु तसे नाही. इतर कुत्र्यांप्रमाणेच त्याच्याही मानेत ७, पाठीत १३ आणि कमरेत ७ मणके असतात. खरा फरक आहे तो पायांत. धड साधारणतः आपल्या मापाने वाढले आणि पाय मात्र मध्येच वाढावयाचे थांबले, अशी ही रचना आहे. या रचनेने त्याला कीर्ती दिली आणि याच रचनेने त्याला एक व्याधीही दिली. त्या व्याधीचा विचार पुढे येईलच.

केसांवरून डॅशहुंडाचे तीन प्रकार पडतात. पहिल्याचे केस आखूड, गुळगुळीत आणि चकचकीत असतात. दुसऱ्याचे लांब आणि रेशमासारखे मऊ असतात. तिसऱ्याचे राठ असून त्याला दाढी आणि जाड भुवया असतात, त्यामुळे तो एखाद्या वृद्ध पंडितासारखा गंभीर दिसतो. रंगांत तांबूस आणि काळा-पिंगट हे रंग नेहमीचे. आकारानेही त्यांत भेद आहेत. मोठ्या प्रकारच्या डॅशहुंडाचे वजन सात ते साडेचौदा किलोंपर्यंत असते, तर लहान प्रकारचा पाच किलोंच्या आतच राहतो. जर्मनीत मात्र छातीचा घेर मोजून प्रकार ठरवितात; कारण बिळात शिरताना अडते ती छाती, वजन नव्हे. तेथे सर्वांत लहान प्रकारास ‘सशांचा टेकेल’ म्हणतात, कारण तो सशाच्या बिळातही शिरू शकतो. कुत्र्यांच्या जातींची नोंद ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेने सर्व जातींचे दहा गट पाडले आहेत. त्यांतील चौथा गट केवळ डॅशहुंडासाठी राखलेला आहे. असा स्वतंत्र गट दुसऱ्या कोणत्याही एका जातीस लाभलेला नाही.

शिकाऱ्यांच्या झोपडीतून हा कुत्रा राजवाड्यात केव्हा पोहोचला? १९ व्या शतकाच्या मध्यास इंग्लंडची राणी व्हिक्टोरिया आणि तिचा जर्मन पती प्रिन्स अल्बर्ट यांना त्याचा लळा लागला आणि राजघराण्याची आवड पाहून इंग्रज सरदार-दरकदारांच्या घरीही तो दिसू लागला. १८८१ साली इंग्लंडात आणि १८८८ साली जर्मनीत या जातीच्या संवर्धनासाठी मंडळे स्थापन झाली. जर्मनीतील ते मंडळ बर्लिन येथे स्थापन झाले. अमेरिकेतही १८८५ साली त्याची नोंद झाली.

परंतु लोकप्रियतेचे दिवस सारखे राहत नाहीत. १९१४ साली पहिले महायुद्ध पेटले आणि इंग्लंड व जर्मनी एकमेकांचे शत्रू बनले. व्यंगचित्रकारांनी जर्मनीचे प्रतीक म्हणून डॅशहुंडाचेच चित्र काढावयास सुरुवात केली. झाले! राजकारणाचा ज्याच्याशी काडीमात्र संबंध नाही, त्या मुक्या जिवावर लोकांचा राग निघू लागला. इंग्रज कादंबरीकार ग्रॅहम ग्रीन तेव्हा लहान मुलगा होता. आपल्या गावात भर रस्त्यात एका डॅशहुंडास दगड मारण्यात आल्याची आठवण त्याने आपल्या आत्मचरित्रात नमूद करून ठेवली आहे. अमेरिकेत तर त्याचे जर्मन नाव टाकून त्याला ‘बॅजर डॉग’ म्हणण्याचा प्रयत्न झाला. इंग्लंडात त्याची पैदास अगदी रोडावली. मनुष्याचा विवेक सुटला म्हणजे तो वैर कोणाकोणावर उगवितो, याचा हा एक लहानसा, परंतु विचार करावयास लावणारा दाखला होय.

काळाबरोबर तो द्वेष ओसरला. १९५७ साली फ्रान्समध्ये विख्यात चित्रकार पाब्लो पिकासो याच्या घरी एक छायाचित्रकार आपला ‘लुम्प’ नावाचा डॅशहुंड घेऊन गेला. लुम्पला ते घर असे मानवले की, तो तेथेच राहिला. स्पेनमधील जुना चित्रकार वेलास्केस याच्या एका प्रसिद्ध चित्रावरून पिकासोने त्याच वर्षी एक चित्रमालिका रंगविली. मूळ चित्रात एक भलाथोरला कुत्रा आहे. पिकासोने त्याच्या जागी अनेक चित्रांत आपला हा ठेंगणा मित्र बसविला. पुढे १९७२ साली जर्मनीतील म्यूनिक शहरी ऑलिंपिक सामने भरले. त्या सामन्यांचे बोधचिन्ह ‘वाल्डी’ नावाचा रंगीबेरंगी डॅशहुंड होते. उन्हाळी ऑलिंपिकचे ते पहिले अधिकृत प्राणिरूप बोधचिन्ह होय. चिकाटी, काटकपणा आणि चपळाई हे गुण खेळाडूच्या अंगी हवेत आणि ते डॅशहुंडाच्या अंगी आहेत, म्हणून त्याची निवड झाली. एवढेच नव्हे, तर बेचाळीस किलोमीटरांच्या मॅरेथॉन शर्यतीचा मार्गही नकाशावर पाहता वाल्डीच्या आकृतीसारखा दिसेल असा आखला होता. ज्या कुत्र्यास एके काळी जर्मन म्हणून दगड बसले, त्याच्याच आकृतीवरून आता देशोदेशींचे धावपटू एकत्र धावले!

आज युरोपातील कित्येक देशांत बॅजरला कायद्याने संरक्षण मिळाले आहे. इंग्लंडात तसा कायदा १९९२ सालचा आहे. जर्मनीतील शिकारी अजूनही जखमी हरणाचा माग काढण्यासाठी डॅशहुंडाच्या नाकाचा उपयोग करतात. परंतु जगातील बहुसंख्य डॅशहुंडांना आता शिकार माहीत नाही. ते घराघरांतून कुटुंबीय म्हणून राहतात. मुंबई-पुण्याकडील लहान जागांतही ते दिसतात, कारण त्यांना जागा थोडी पुरते.

तथापि काम सुटले म्हणून स्वभाव सुटत नाही. डॅशहुंड गादीवर झोपावयाचा झाला, तरी प्रथम पांघरुणाखाली शिरतो. कारण पांघरूण हे त्याचे बीळ. अंगणातील मऊ माती दिसताच त्याचे पंजे चालू लागतात आणि हौसेने लावलेले गुलाबाचे रोप क्षणात आडवे होते. उंदीर किंवा खार दिसली की त्याला हाकेचे भान राहत नाही. जिन्यात पाऊल वाजले की तो भुंकतो. घरच्या माणसांवर त्याचा अपार जीव असतो. त्यांतही एखाद्यावर विशेष. परक्याशी मात्र तो चटकन सलगी करीत नाही, आणि कोणी खोडी काढली तर चावण्यासही मागेपुढे पाहत नाही. म्हणून लहान मुलांनी त्याच्याशी कसे वागावे हे वडील माणसांनी प्रथम शिकवावयास हवे. तो जेवत असता त्याला हात लावू नये, झोपेत दचकवू नये आणि शेपूट तर कधीच ओढू नये.

त्याला शिकविणे सोपे नाही. तो मंदबुद्धी आहे असे नव्हे. उलट सांगितलेले त्याला चांगले समजते. परंतु समजलेले सर्वच ऐकावे असे त्याला वाटत नाही. ज्याच्या पूर्वजांनी बिळात स्वतःच्या अकलेने निर्णय घेतले, त्याने प्रत्येक हुकमास मान तुकवावी अशी अपेक्षा करणे व्यर्थ होय. छडीने तो वठणीवर येत नाही, केवळ मनातून दुरावतो. थोडा थोडा वेळ, रोज नेमाने, गोड शब्दांनी आणि एखाद्या आवडत्या घासाच्या लालुचीने शिकविले, तर तो पुष्कळ शिकतो. हट्टी मुलास वळण लावण्याचा मार्गही याहून फारसा निराळा नाही.

आता त्याच्या व्याधीचा विचार करू. पाठीच्या दोन मणक्यांमध्ये एक लवचीक चकती असते. तिचा गाभा मऊ असून भोवती चिवट कडे असते. धावताना व उडी मारताना बसणारे हिसके ही चकती सोसते. डॅशहुंडाच्या बाबतीत हा मऊ गाभा अगदी लहान वयातच कडक होऊ लागतो. त्यात चुना साचतो. मग कधी तरी एखादा हिसका बसतो, कडे फाटते आणि तो कडक गाभा बाहेर येऊन मज्जारज्जूवर दाबला जातो. काल अंगणात बागडणारा कुत्रा आज मागील पाय ओढीत चालतो. कधी ते पाय पूर्णपणे लुळे पडतात. दर चार-पाच डॅशहुंडांपैकी एकास तरी आयुष्यात केव्हा ना केव्हा हा त्रास होतो, आणि तोही बहुधा तीन ते सात वर्षांच्या ऐन उमेदीत. ‘दुखणे हत्तीच्या पायाने येते आणि मुंगीच्या पायाने जाते’ ही म्हण येथे अक्षरशः खरी ठरते. आणि कित्येकदा तर दुखणे जातच नाही.

असे का व्हावे? याचे उत्तर शास्त्रज्ञांनी गेल्या काही वर्षांत शोधून काढले आहे. २००९ साली अमेरिकेतील संशोधकांनी दाखवून दिले की, डॅशहुंडासारख्या ठेंगण्या कुत्र्यांच्या पेशींत वाढीशी संबंधित अशा एका जनुकाची एक जादा प्रत असते. या जादा प्रतीमुळे पायांच्या हाडांची वाढ वेळेआधीच थांबते. पुढे २०१७ साली कॅलिफोर्निया विद्यापीठातील संशोधकांना त्याच जनुकाची आणखी एक जादा प्रत दुसऱ्या गुणसूत्रावर आढळली. ही दुसरी प्रतही पाय आखूड करते आणि त्याचबरोबर मणक्यांमधील चकत्या अकाली कडक करते. म्हणजे ज्या ठेंगणेपणासाठी मनुष्याने या कुत्र्यास निवडले, त्या ठेंगणेपणाबरोबरच हे दुखणेही नकळत निवडले गेले. त्यात त्या मुक्या प्राण्याचा दोष तो कोणता?

म्हणून डॅशहुंड पाळणाऱ्याने काही नियम कटाक्षाने पाळावेत. त्याला उचलताना पुढचे पाय धरून कधीही लोंबकळू देऊ नये. एक हात छातीखाली आणि दुसरा मागील भागाखाली घेऊन पाठ आडवी व सरळ राहील असे उचलावे. खाटेवरून अथवा खुर्चीवरून उड्या मारू देऊ नयेत. त्याच्यासाठी उतरती फळी लावावी. जिना शक्यतो चढू-उतरू देऊ नये. फिरावयास नेताना गळपट्ट्याऐवजी छातीभोवतीचा पट्टा वापरावा. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे त्याचे वजन वाढू देऊ नये. हा प्राणी मोठा खादाड असून त्याचे डोळे फार बोलके आहेत. जेवणाच्या वेळी तो ज्या केविलवाण्या मुद्रेने पाहतो, तिला भुलून घरातील प्रत्येकाने एकेक घास दिला, तर त्या प्रेमाचा भार त्याच्या पाठीच्या कण्यास वाहावा लागतो. रोज बेताचे खाणे आणि दोन वेळा फिरणे, हेच त्याच्यावरील खरे प्रेम होय. आणि चालताना पाय अडखळू लागले, पाठीला हात लावताच तो ओरडू लागला, तर घरगुती उपचारांत वेळ न दवडता त्याला तत्काळ पशुवैद्याकडे न्यावे. या दुखण्यात गेलेला वेळ पुन्हा मिळत नाही. अशी काळजी घेतली, तर तो बारा ते सोळा वर्षे आनंदाने सोबत करतो.

पाळणाऱ्याइतकीच, किंबहुना अधिक, जबाबदारी पैदास करणाऱ्यावर आहे. पाय अधिकाधिक आखूड आणि धड अधिकाधिक लांब करण्याच्या हौसेला मर्यादा हवी. रंगांच्या हौसेचेही तसेच आहे. अंगावर ठिपक्यांचा रंग असलेल्या दोन डॅशहुंडांची जोडी जमविली, तर त्यांची काही पिल्ले आंधळी किंवा बहिरी निपजण्याचा धोका असतो; तरीही नवलाईच्या लोभाने कोणी ती जमवितात. डेन्मार्क, नॉर्वे यांसारख्या देशांत याहून शहाणपणाची वाट धरली गेली आहे. तेथे दोन ते चार वर्षांच्या वयात डॅशहुंडाच्या पाठीचे क्ष-किरण चित्र घेतात, कडक झालेल्या चकत्या मोजतात आणि ज्याच्या पाठीत त्या थोड्या, त्यालाच पैदाशीसाठी निवडतात. खुद्द जर्मनीत २०२४ साली पशुसंरक्षण कायद्यात सुधारणा सुचविण्यात आली. शरीरास यातना देणाऱ्या ठेवणीच्या प्राण्यांची पैदास रोखावी, असा तिचा रोख होता. या सुधारणेने डॅशहुंड नाहीसा होईल, अशी भीती श्वानप्रेमींच्या संघटनेने व्यक्त केली. तर जाती बंद करण्याचा हेतू नसून यातना टाळण्याचा आहे, असे सरकारने सांगितले. त्या संसदेच्या कारकिर्दीत ती सुधारणा संमत झाली नाही. परंतु तिने उभा केलेला प्रश्न मात्र कायम आहे. ज्या प्राण्याचे रूप आपण घडविले, त्याच्या सुखदुःखास आपण किती बांधलेले आहोत?

‘मूर्ती लहान, पण कीर्ती महान’ असे ज्याच्याविषयी म्हणावे, असा हा कुत्रा आहे. त्याने मनुष्याच्या शब्दाखातर जमिनीच्या पोटात शिरून शत्रूच्या नखांना तोंड दिले. कधी मनुष्याच्या भांडणापायी दगड सोसले. आणि आज तो घराच्या उंबऱ्यात बसून घरधन्याची वाट पाहतो. त्याचे आखूड पाय मनुष्याच्या गरजेतून आले आणि त्याची दुखरी पाठही त्याच गरजेतून आली. तेव्हा रूपाचे कौतुक करणाऱ्याने त्या पाठीचीही काळजी वाहिली पाहिजे. पाळलेला प्राणी ही करमणुकीची वस्तू नव्हे. ती स्वीकारलेली जबाबदारी आहे, आणि ती जो पार पाडील, त्यालाच डॅशहुंडाच्या निष्ठेवर हक्क सांगता येईल.